कुकच्या ‘एंडेव्हर’ रोजनिशीची हुबेहूब प्रत: ओळखायची कशी, मोल किती, जपायची कशी

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे सासरे नोकरीनिमित्त बरीच वर्षं सिडनीत होते. त्यांच्या पश्चात आलेल्या सामानात एक जाडजूड, कातडी बांधणीचा ग्रंथ निघाला. आत छापील मजकूर जवळपास नाहीच, पानामागून पान जुन्या वळणाचं इंग्रजी हस्ताक्षर, खाडाखोड, डाग. एका पानावर गिल्डफर्ड, १९७७ आणि ‘पाचशे प्रतींपैकी’ म्हणून हाताने घातलेला क्रमांक. ग्रंथ म्हणजे कॅप्टन जेम्स कुकची ‘एंडेव्हर’ जहाजावरची १७६८ ते १७७१ ची रोजनिशी. ताई विचारतात: हे अस्सल हस्तलिखित असू शकेल का? नसेल तर याला काही किंमत येते का? आणि पावसाळ्यात ठेवायचं कसं? नात्यातल्या एका गृहस्थांनी पानं लॅमिनेट करून घ्या, असं सुचवलंय.

आधी लॅमिनेशनचं बोलतो. अजिबात नको. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदावरून पुन्हा सुखरूप निघत नाही, आणि पानं सुटी करण्यासाठी बांधणी फाडावी लागते. बांधणी गेली की हा ग्रंथ संग्राहकांच्या लेखी संपला. त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण एका दिवसात इतकं नुकसान वाळवीलाही जमत नाही.

आता अस्सलपणाचं. तुमच्याकडचं मूळ हस्तलिखित नाही, आणि हे मी फोटो न बघताही सांगू शकलो असतो, कारण मूळ कुठे आहे ते जगजाहीर आहे. कुकने स्वतःच्या हाताने लिहिलेली ही रोजनिशी कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या हस्तलिखित संग्रहात तिचा क्रमांकच एक आहे. मिडल्सबरोचे पोलाद कारखानदार हेन्री बोल्को यांच्या संग्रहात ती होती. १९२३ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये लिलावात निघाली आणि ऑस्ट्रेलिया सरकारने पाच हजार पौंडांना घेतली. तोवर अभ्यासकांचं सगळं काम नकलांवर चाललं होतं. २००१ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत तिची नोंद झाली.

नकला म्हणजे जहाजावरच तयार झालेल्या प्रती. कुकचा कारकून रिचर्ड ऑर्टन याने मजकूर उतरवून काढला होता. त्यातली एक प्रत कुकने ऑक्टोबर १७७० मध्ये बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, डच जहाजाबरोबर नौदलाच्या मुख्यालयाकडे पुढे पाठवली. उघड आहे, इंग्लंड अजून अर्ध्या जगापलीकडे होतं आणि जहाज पोचेल याची हमी नव्हती. या जुन्या नकलांचाही ठावठिकाणा माहीत आहे: एक लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, एक ग्रिनिचला, एक सिडनीला. तेव्हा माळ्यावर कुकची रोजनिशी सापडली, असं कुणी सांगू लागलं तर हसून चहा पाजावा आणि सोडून द्यावं.

तुमच्याकडे आहे ती जेनेसिस या प्रकाशनसंस्थेची १९७७ ची हुबेहूब प्रत. तिचीही स्वतःची गोष्ट आहे. या संस्थेने १९७५ मध्ये सुरुवातच केली ती कप्तान ब्लायच्या ‘बाउंटी’ जहाजाच्या नोंदवहीच्या अशा प्रतीने, तीही पाचशेच. मग ब्लायच्याच ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजाची नोंदवही, मग ‘एंडेव्हर’, पुढे डार्विनची ‘बीगल’वरची रोजनिशी. १९८० मध्ये याच संस्थेने बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या आत्मकथनाची मर्यादित आवृत्ती काढली आणि तिथून तिचा मोहराच फिरला. आज तिचं नाव घेतलं की लोकांना रॉक संगीताची देखणी, महागडी पुस्तकं आठवतात. याचा तुमच्याशी संबंध असा, की तुमच्या प्रतीला दोन वेगळ्या जातींचे गिऱ्हाईक आहेत. एक, प्रशांत महासागराच्या सफरींवरची पुस्तकं जमवणारे. दुसरे, त्या प्रकाशकाची सगळी पुस्तकं ओळीने हवी असणारे. दुसऱ्या जातीला कुक कोण होता याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. त्याला कपाटातली रिकामी जागा भरायची असते, आणि त्यासाठी तो बांधणीवरच्या ओरखड्यावरूनसुद्धा घासाघीस करतो.

तरीही हातात भिंग घेऊन स्वतः खात्री करून घ्या, ते शिकण्यासारखं आहे. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेल. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा आणि एखाद्या जाड, ठसठशीत अक्षरावर भिंग धरा. अठराव्या शतकातली इंग्रजी शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती कागदात मुरते, काळाबरोबर तपकिरी होते, आणि जिथे टाकाला जास्त दाब पडला तिथे कागद खाऊन पलीकडच्या बाजूला उमटते. (आपल्याकडची मोडी दफ्तरं काजळीच्या शाईची. ती वर बसते, कागद खात नाही, म्हणून पेशवे दफ्तरातली अक्षरं अजून काळीभोर दिसतात.) हुबेहूब प्रतीत हे सगळं चित्र म्हणून येतं. तपकिरी रंग येतो, मागून उमटलेली सावलीही येते, पण भिंगाखाली अक्षराची कड विरते आणि बहुतेक छपाईत बारीक ठिपके दिसू लागतात. टाकाच्या टोकाने कागदावर पडलेला चर नसतो. बोटाने स्पर्श केला तर पान सपाट लागतं.

दुसरी खूण कागदाची. त्या काळचा हातकागद तारांच्या चाळणीवर तयार व्हायचा. उजेडासमोर धरला की त्यात जवळजवळ बारीक आडव्या आणि दूरदूर उभ्या रेघा दिसतात. प्रतीत कधी कधी या रेघांचंही छायाचित्र छापलेलं असतं, पण पान खिडकीसमोर धरलं की छापलेल्या रेघा आणि कागदाच्या अंगच्या रेघा जुळत नाहीत, किंवा अंगच्या रेघा नसतातच. डागांचंही तसंच. दोनशे वर्षांपूर्वी सांडलेलं पाणी या पानावर छापलेलं आहे. तो डाग पुसायला जाऊ नका.

बरं, मग अशी प्रत काढायचीच कशाला? सगळा मजकूर छापून मिळत असताना हस्ताक्षर कोण वाचतं? याचं उत्तर १७७३ सालात आहे. सफरीचा अधिकृत वृत्तांत तेव्हा तीन खंडांत निघाला. तो कुकने लिहिलेला नव्हता. जॉन हॉक्सवर्थ या लेखकाला सहा हजार पौंड मानधन मिळालं. त्याने कुकची रोजनिशी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सची रोजनिशी एकत्र घुसळली, स्वतःचे विचार त्यात कालवले, आणि सगळं ‘मी’ असं प्रथमपुरुषात लिहून टाकलं, जणू कुकच बोलतोय. कुक तेव्हा दुसऱ्या सफरीवर. परतताना १७७५ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्या ग्रंथापायी त्याला चांगलंच ओशाळं वाटलं, कारण बेटावरच्या लोकांबद्दल काहीबाही त्याच्या तोंडी घातलेलं होतं. कुकचा मजकूर काटेकोर संपादनासह यायला १९५५ उजाडलं. ते काम न्यूझीलंडचे इतिहासकार बीगलहोल यांनी जुनी सफरवर्णनं छापणाऱ्या हॅक्लूट सोसायटीसाठी केलं.

पण उत्तम संपादनातही खोडलेला शब्द तळटीपेत जातो. तुमच्या प्रतीत तो जागच्या जागी दिसतो. मे १७७० च्या सुरुवातीची पानं काढा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या उपसागराला आपण बॉटनी बे म्हणतो, त्याला कुकने आधी स्टिंग रे हार्बर म्हटलं होतं, कारण तिथे पाकट मासे मुबलक मिळाले होते. पुढे बँक्स आणि त्याचा सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सोलांडर यांनी जमवलेल्या झाडपाल्याचा ढीग बघून त्याचं मन बदललं. आधी वनस्पतिशास्त्रज्ञांचा उपसागर, मग नुसता वनस्पतींचा. ही उलथापालथ पानावर शाईने झालेली आहे. नकाशावर कायमचं बसलेलं नाव ठरताना दिसणं, यासाठी मी अशी प्रत घरात ठेवीन. बाकी निव्वळ मजकूर वाचायचा असेल तर मूळ रोजनिशीची छायाचित्रं कॅनबेराच्या त्याच ग्रंथालयाने जालावर फुकट ठेवली आहेत. मोठी करून पाहता येतात, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही छापील प्रतीपेक्षा स्पष्ट दिसतात.

वाचायला बसलात तर तारखांनी गोंधळाल, म्हणून एवढं लक्षात ठेवा. समुद्रावर असताना कुकचा दिवस मध्यरात्री नाही, भर दुपारी बारा वाजता बदलतो. सूर्य डोक्यावर आला, अक्षांश काढला, की नवी तारीख. त्यामुळे त्याच्या नोंदीत दुपार-संध्याकाळ आधी येते आणि सकाळ नंतर, आणि दुपारनंतरच्या घटना आपल्या हिशेबापेक्षा एक तारीख पुढे नोंदलेल्या असतात. शिवाय पश्चिमेकडे जात राहिल्यामुळे पृथ्वीला वळसा घालताना जहाजावरचं पंचांग स्थानिक तारखेपेक्षा एक दिवस मागे पडलं होतं. कुकने ते वाटेत दुरुस्त केलं नाही. ते बटाव्हियाला पोचल्यावर उघड झालं: जहाजाच्या हिशेबाने बुधवार १० ऑक्टोबर, तिथल्या लोकांच्या हिशेबाने गुरुवार ११.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर दुपारनंतर घडलेल्या घटनांत हे दोन फरक एकमेकांना खाऊन टाकतात. जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळलं ती रात्र घ्या. रोजनिशीत ती सोमवार ११ जून १७७० खाली आहे आणि आजच्या कॅलेंडरनेही ती ११ जूनची रात्रच ठरते. पण सकाळच्या घटना मात्र एक दिवस मागे राहतात. शिक्के मारल्यासारख्या तारखा देणाऱ्या लेखांत जी तफावत दिसते, तिच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

ते ११ जूनचं पान तर काढाच. रात्री अकराला काही मिनिटं असताना शिशाचा गोळा सोडून खोली मोजणाऱ्याने सतरा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) सांगितलं, आणि पुढचा गोळा पाण्यात पडायच्या आत जहाज अडकलं. तेही भरतीच्या वेळी, म्हणजे पाणी वाढेल ही आशा नाही. तोफा, जहाजाच्या तळातलं लोखंड-दगडाचं वजन, पिंपं, चाळीस-पन्नास टन माल समुद्रात लोटला. पुढच्या भरतीलाही जहाज हललं नाही, त्याच्या नंतरच्या भरतीला रात्री सुटलं. मग मंकहाउस नावाच्या तरुण मिडशिपमनने, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याने, आधी कुठेतरी पाहिलेली युक्ती सांगितली: शिडाच्या कापडाला सुतळीचा भुगा आणि लोकर फासून ते बाहेरून भोकाखाली ओढायचं, पाण्याचा दाबच ते आत खेचून बसवतो. पुढे जहाज किनाऱ्याला लावून पाहिलं तर एका भोकात प्रवाळाचा तुकडाच मोडून अडकला होता, नाहीतर सगळेच बुडाले असते. टाकलेल्या सहा तोफा १९६९ मध्ये समुद्रातून बाहेर काढल्या. हे सगळं कुक ज्या स्थिर, कोरड्या हाताने लिहितो ते अक्षरात बघण्यासारखं आहे. बटाव्हियानंतरची पानंही वाचा. तिथवर आजाराने जवळजवळ कुणी न गमावणारा कप्तान पुढच्या काही महिन्यांत हिवताप आणि हगवणीने मेलेल्यांची नावं नोंदत जातो.

आता पैशाचं. लाखांची स्वप्नं पाहू नका. पाचशे प्रती म्हणजे तशा फार कमी नाहीत, शिवाय त्यांतल्या बहुतेक जपून ठेवलेल्या आहेत, आणि हा माल घेणारे लोक मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये. जालावर विक्रेते मागतात तो आकडा आणि लिलावात हातोडा पडतो तो आकडा यांत पुष्कळ अंतर असतं. दुसरा बघा, पहिला विसरा. त्यातून वजनदार ग्रंथ इथून तिकडे विम्यासह पाठवायचा खर्च वजा करा.

किमतीत फरक पाडणाऱ्या गोष्टी म्हणजे पेटी किंवा बाहेरचा खोका असेल तर तो, कण्याचा रंग उडालाय का, कातड्याचे कोपरे घासलेत का, आतल्या पानांवर बुरशीचे ठिपके आहेत का. क्रमांक १७ असो की ४१७, त्याने विशेष काही होत नाही, जरी लहान आकडेवाले आपला आकडा दरवेळी मोठ्याने सांगतात. सासऱ्यांनी आतल्या कोऱ्या पानावर नाव-तारीख घातली असेल तर खोडू नका, चिठ्ठी चिकटवली असेल तर काढू नका. खरेदीची पावती, प्रकाशकाचं माहितीपत्रक, सिडनीच्या दुकानाचा कागद असं काही सामानात असेल तर शोधून ग्रंथाबरोबर ठेवा, पण ग्रंथाच्या आत नको. वर्तमानपत्राचं एक कात्रण पानात राहिलं तरी काही वर्षांत दोन्ही बाजूंच्या पानांवर त्याची तपकिरी चौकट उमटते.

कायद्याची धास्ती असेल तर सोडा. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर वर्षांची आणि बाकी बहुतेक वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा आहे. १९७७ ची छापील प्रत त्यात बसत नाही. नोंदणी नको, विकायला आडकाठी नाही.

वय वाढलं की प्रतीही पुरातन होतात, हे खरं. आबेल टास्मानच्या १६४२-४३ च्या सफरीच्या रोजनिशीची हुबेहूब प्रत ॲमस्टरडॅमला १८९८ मध्ये निघाली. ती आज स्वतःच दुर्मिळ ग्रंथ मानली जाते, इतकी की १९६५ मध्ये लॉस एंजेलिसहून तिचीच पुन्हा प्रत काढली गेली. प्रतीची प्रत! विकत घेताना अशा वेळी साल नीट वाचावं लागतं, कारण विकणारा १८९८ मोठ्या अक्षरात लिहितो. आणि मुंबईकरांसाठी जाता जाता: ‘एंडेव्हर’ नाव दिसलं की ते कुकचंच जहाज असं धरू नका. १७९० मध्ये बॉम्बे मरीनचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, जॉन मॅकक्लुअर ‘पँथर’ आणि ‘एंडेव्हर’ अशी दोन जहाजं घेऊन मुंबईहून थेट प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांकडे गेला होता. हे वेगळं जहाज, वेगळी गोष्ट.

जपण्याचं सोपं आहे, फक्त नियमाने करावं लागतं. ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात घरातली आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर सहज जाते, आणि पासष्ट-सत्तरच्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं. साधा आर्द्रतामापक ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला चिकटून असलेलं लोखंडी कपाट टाळा, भिंत घामेजते आणि कपाटही. ग्रंथ मोठा नि जड आहे, म्हणून आडवा ठेवा. उभा ठेवला तर पानांचं वजन बांधणीला खाली ओढतं. वर दुसरं काही रचू नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती, धुऊन खळ काढलेलं कापड चालेल. खळ राहिली तर कसर तुमच्या कुकच्या आधी त्या कापडावर आणि मग बांधणीच्या चिकीवर येईल.

वेखंडाची पुरचुंडी ठेवायची असेल तर ठेवा, आजीच्या काळापासून चालत आलंय आणि त्रास काही नाही, पण त्याने ओल कमी होत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र कातड्याजवळ नको. बंद डब्यात सिलिका जेल ठेवणार असाल तर ते रंग बदललं की तापवून वाळवलंच पाहिजे, नाहीतर तो नुसता खडा. कातड्याला तेल, पॉलिश, खोबरेल, काही लावू नका. पूर्वी तेल चोळायची पद्धत होती, ती आता जाणकारांनी सोडून दिली आहे, कारण तेल पुढे काळं पडतं आणि धूळ धरतं. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. ग्रंथ आधी कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवून बुरशी सुकू द्या, मग तोंडाला मास्क लावून गच्चीत मऊ कुंचल्याने बाहेरच्या बाहेर झाडा. हातमोजे घालून पानं उलटायची गरज नाही. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे, मोज्यांत कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. वर्षातून दोन-चारदा ग्रंथ उघडून चाळा, पानांना हवा लागते.

विकायचंच ठरलं तर दुकानदाराला फोन करण्याआधी फोटो काढून ठेवा: कणा, दोन्ही पुठ्ठे, चारही कोपरे, खोक्याची सगळी अंगं, क्रमांकाचं पान, आणि जिथे डाग किंवा बुरशी असेल ती पानं न लपवता. डाग छापलेला आहे की नंतर पडलेला, हे समोरचा विचारणारच. तेव्हा भिंगाखाली पाहून आधीच लिहून ठेवा.